दोघांच्या नावाचा कागद

नवरा-बायकोच्या नात्यावर ब्रिटनमध्ये राहायचं, तर अर्ज दोन ठिकाणांहून करता येतो. एक आपल्या देशातून. दुसरा इथे राहूनच, हातातला व्हिसा संपायच्या आत. दुसरी वाट सगळ्यांना खुली नसते. सहा महिन्यांच्या टूरिस्ट व्हिसावर येऊन इथेच बायकोचा व्हिसा मागता येत नाही. मी शिकायला आले होते, शिक्षणानंतर मिळणाऱ्या दोन वर्षांच्या ग्रॅज्युएट व्हिसावर नोकरी करत होते आणि मधल्या काळात लग्न झालं होतं, म्हणून मला ती खुली होती. अर्जाचं नाव एफएलआर (एम). गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच मुलींनी ‘काय काय कागद लागतात?’ असं विचारलं. प्रत्येकीला यादी पाठवली. पण ते कागद जमवताना जे डोक्यात चाललं होतं ते यादीत मावत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही स्विंडनला राहतो. लंडनच्या पश्चिमेला, रेल्वेच्या कारखान्यावर वाढलेलं गाव. आता गोदामांचं गाव आहे आणि गोवेकरांचंही. इथे उकडे तांदूळ, सोलं, सुके बांगडे यांसाठी लंडन गाठावं लागत नाही. माझा नवरा पेडण्याचा. त्याचे आजोबा पोर्तुगीज अमलात जन्मले, त्यांची नोंद पोर्तुगीज दप्तरात होती, आणि त्या धाग्यावरून लिस्बनमध्ये कागद करून तो पोर्तुगीज नागरिक झाला. ब्रेक्झिटच्या आधी इथे आला, म्हणून त्याला सेटल्ड स्टेटस, म्हणजे इथे कायम राहण्याचा हक्क, मिळाला. आमचं लग्न मात्र त्यानंतरचं. ३१ डिसेंबर २०२० नंतर जुळलेल्या नात्यांना युरोपीय नागरिकांच्या जोडीदाराची सोपी वाट बंद झाली. त्यामुळे इथल्या कुठल्याही ब्रिटिश नागरिकाच्या बायकोला जे नियम, तेच मला.

लग्नाचा दाखला हा फाइलमधला पहिला कागद, आणि आमच्याकडे तो सगळ्यात भक्कम होता. त्याचं कारण गोवा. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा १९६१ च्या मुक्तीनंतरही चालू राहिली. देवळात किंवा मंडपात काय व्हायचं ते होऊ द्या, कायद्याचं लग्न रजिस्ट्रारसमोर लागतं. लोक त्याला पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. पहिल्या सहीला आपला इरादा नोंदवायचा, मग हरकतींसाठी मुदत, मग साक्षीदार घेऊन दुसरी सही. पेडण्याच्या त्या कार्यालयात बाकावर बसले होते तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की दाखला व्हिसाला लागणार आहे. सासूबाईंनी तिथेच सांगितलं की आधी वेगळा करार केला नसेल, तर या सहीने नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा होतो आणि घर-जमीन विकायची तर तिच्या सहीशिवाय विकता येत नाही. त्या शाळा सोडलेल्या बाई, पण हे त्यांना तोंडपाठ होतं. त्यांच्या स्वतःच्या नावाची सही गावातल्या कागदांवर कुठे कुठे आहे तेही.

मी मूळची सावंतवाडी तालुक्यातली. बांद्याच्या पुढे पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. सोयरिकी दोन्हीकडे, दशावतार दोन्हीकडे, बाजारही एकमेकांचेच. पण माझ्या आईच्या लग्नाचा एकही सरकारी कागद नाही. नव्वदच्या दशकात अंगणातल्या मांडवात लग्न झालं. उरलं काय, तर वरती गणपती छापलेली एक पत्रिका आणि पानं चिकटलेला अल्बम. महाराष्ट्रात लग्ननोंदणीचा आजचा कायदा १९९८ चा. त्याच्या आधीची लग्नंही नोंदवता येतात, पण ज्यांना कधी कुठे दाखवायची वेळ आली नाही, त्यांनी नोंदवली नाहीत. फोनवर मी आईला माझ्या फाइलबद्दल सांगायचे तेव्हा ती ऐकून घ्यायची, मध्येच म्हणायची, “म्हणजे माका कोणी विचारल्यान तर मी काय दाखवतलंय?” मला उत्तर देता यायचं नाही.

आता पैशाचं. कारण खरं ओझं तिथे आहे.

२०१२ साली ब्रिटनने ठरवलं की इथल्या माणसाला परदेशी जोडीदाराला सोबत ठेवायचं असेल तर वर्षाला किमान १८,६०० पौंड उत्पन्न दाखवावं लागेल. ११ एप्रिल २०२४ पासून तो आकडा २९,००० झाला. उत्पन्न नसेल तर बचत दाखवायची सोय आहे, पण नुसत्या बचतीवर भागवायचं तर ८८,५०० पौंड, तेही सहा महिने खात्यात पडून असलेले. हे ज्यांच्याजवळ असतात ते बहुधा गोदामात काम करत नाहीत.

माझा नवरा करतो. तासाच्या पगारावर, पाळ्यांमध्ये. त्याचं एकट्याचं उत्पन्न २९,००० च्या खाली राहतं. मी सावंतवाडीला राहून अर्ज केला असता, तर फक्त त्याचंच उत्पन्न मोजलं गेलं असतं, आणि अर्ज तिथेच पडला असता. मी इथे कायदेशीर नोकरी करत असल्यामुळे माझा पगार त्याच्या पगारात धरला गेला, आणि आम्ही ती रेषा ओलांडली. तीच दोन माणसं, तेच लग्न. एक जण कुठे उभी राहून अर्ज करते, यावरून ती दोघं एकत्र राहू शकतील की नाही हे ठरतं. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि माझं काम झालं म्हणून ते कमी अन्यायाचं होत नाही. आमच्याच गल्लीत एक जण आहे, तशाच गोदामात, तशाच पगारावर. त्याची बायको म्हापशाला आहे. मुलगी बापाला फोनवर ओळखते.

या नियमाला कोर्टात आव्हान दिलं गेलं होतं. २०१७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध धरली, पण मुलांच्या हिताचा नीट विचार नियमांत नाही असं सुनावलं. मग नियमांत दुरुस्त्या झाल्या. अट राहिली, आणि पुढे आकडा वाढला.

तासाच्या पगारवाल्यांचा हिशेब असा असतो: एकाच मालकाकडे किमान सहा महिने काम झालेलं हवं, त्या सहा महिन्यांच्या एकूण पगाराची सरासरी काढायची आणि बाराने गुणायची. म्हणजे त्या सहा महिन्यांत कमी तास मिळाले तर वर्षाचं गणित कोसळतं. त्या हिवाळ्यात त्याने एकही रविवार घरी काढला नाही. पहाटे अंधारात यायचा, बूट दाराशी काढायचा आणि झोपायच्या आधी पगाराची नवी चिठ्ठी आली का ते फोनवर बघायचा. मी जेवणाच्या टेबलावर दोघांच्या सहा-सहा महिन्यांच्या चिठ्ठ्या मांडून ठेवल्या होत्या. चिठ्ठीवरची हातात पडणारी रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम पेनीपर्यंत जुळायला हवी. जुळली की दोन्हीकडे पिवळी रेघ. एका महिन्यात पगार दोन भागांत जमा झाला होता, त्याचा खुलासा कंपनीकडून लेखी घेतला.

मालकाच्या पत्रात काय काय हवं तेही ठरलेलं आहे: नोकरी कधीपासून, पगार किती, हा पगार कधीपासून, नोकरी कायम आहे की कराराची. यातलं एक जरी राहिलं तर पत्र असून नसल्यासारखं. मुलींना मी हेच पुन्हा पुन्हा सांगते. पत्र हातात पडलं की तिथेच उभ्याने वाचा, आणि एक ओळ जरी कमी असली तरी संकोच न करता परत द्या. साहेबाला पुन्हा त्रास कसा द्यायचा म्हणून आपण गप्प बसतो. या कामात गप्प बसू नका.

बँकेची स्टेटमेंट आम्ही ऑनलाइन काढलेली होती. तशी असली तर बँकेचं पत्र जोडायचं किंवा प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का घ्यायचा. पहिल्या शाखेत ‘आम्ही असे शिक्के मारत नाही’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या शाखेत काउंटरवर पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी गठ्ठा घेतला, चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, नाव बघितलं आणि विचारलं, “नवऱ्यासाठी का?” मी म्हटलं, “नवऱ्याजवळ राहण्यासाठी.” मागे रांग होती. त्यांनी एकेक पान उचलून उजव्या कोपऱ्यात शिक्का मारला, तारीख बदलून घेतली, एका पानावर शाई फिकी उमटली तर शेजारी पुन्हा मारला आणि पानं फुंकर घालून वाळवली. रांगेतलं कुणी काही बोललं नाही. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. स्टेटमेंटचा तो गठ्ठा मी टाकलेला नाही.

मग येतात पत्रं. तुम्ही एका घरात राहता हे दाखवायला दोघांच्या नावाने त्या पत्त्यावर आलेले कागद लागतात. एकत्र नावाने आलेले सगळ्यात चांगले. तेही तीन तरी वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि सगळ्या काळावर पसरलेले: कौन्सिल टॅक्स, वीज, पाणी, बँक, दवाखाना. एकाच महिन्याची दहा पत्रं चालत नाहीत. आणि इथे मला आपली घरं दिसायला लागली.

लग्न करून इथे आलेल्या मुली मी बघते. भाडेकरार नवऱ्याच्या नावावर, कारण तो आधीपासून राहत होता. वीजबिल त्याच्या, कारण खातं त्याचं. इंटरनेट त्याच्या. घर दोघं चालवतात, बाजारहाट ती करते, बिलंही बऱ्याचदा तीच भरते, पण लखोट्यावर तिचं नाव नसतं. नवरा वाईट असतो असं मुळीच नाही. कुणाच्या मनातच येत नाही. आणि मग अर्जाची वेळ आली की लक्षात येतं, दोन वर्षं त्या घरात राहिलेल्या बाईची कागदोपत्री खूण म्हणजे दवाखान्याचं एक पत्र. माझ्या नवऱ्याने हे आम्ही परत आलो त्याच आठवड्यात हातात घेतलं. सासूबाईंनी त्याला विमानतळावर बजावलं होतं. भाडेकरारात नाव घालायला एजंटाने महिनाभर टोलवाटोलवी केली. तो दर सोमवारी पाळीवरून थेट तिथे जाऊन बसायचा.

नावं घालायची म्हटलं तर कोणती, हाही प्रश्न होता. माझ्या पासपोर्टवर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. दवाखाना पत्र पाठवतो ते तिन्ही नावांनी. बँकेत वडिलांचं नाव गळलेलं. नोकरीत आणखी आखूड. त्याचं आडनाव पेडण्यात सगळे लिहितात तसं शाळेच्या दाखल्यावर, आणि पोर्तुगीज दप्तरात ‘के’च्या जागी ‘सी’ घालून. लग्नाच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. ही सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र केलं, आणि सोबत एका पानावर कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे ते सरळ लिहून दिलं. अधिकाऱ्याला शोधत बसायला लावू नये. लग्नानंतर नाव बदलायचा विचार असेल, तर बदला किंवा बदलू नका, पण अर्जाच्या तोंडावर अर्धवट बदलू नका. बँकेत माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं, अशा फाइली मी पाहिल्या आहेत, आणि त्या मुलींच्या रात्री कशा गेल्या तेही.

नातं खरं आहे याचा पुरावाही द्यायचा असतो. फोटो, तिकिटं, फोनवरचं बोलणं. आमचं लग्न ओळखीतून ठरलेलं. त्याच्या मावशीने माझ्या आत्याला विचारलं, आम्ही स्विंडनमध्ये एका चतुर्थीला भेटलो, मग बोलत राहिलो. एका पानात मी हे जसं घडलं तसं लिहिलं. ठरवून झालेल्या लग्नाचं इथल्या कार्यालयाला वावडं आहे अशी भीती आपल्याकडे पसरलेली असते, म्हणून मुली कुठेतरी बागेत भेट झाल्याची गोष्ट रचतात. रचू नका. खरं लिहिलेलं पान पाच वर्षांनीही तुम्हाला पाठ असेल.

अर्थात ती भीती आली कुठून, हे मला समजतं. १९७९ साली हीथ्रोवर एक भारतीय शिक्षिका लग्नासाठी उतरली होती, वय ३५. ती खरंच वाग्दत्त वधू आहे का हे ठरवण्यासाठी तिची कौमार्य तपासणी केली गेली. बातमी फुटल्यावर गदारोळ झाला, तेव्हा ते थांबलं. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही हे जोडप्याने सिद्ध करावं, असाही नियम बरीच वर्षं होता. त्यात भारतीय उपखंडातली जोडपी भरडली गेली. १९९७ मध्ये तो गेला. १९८५ ची गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. इथे स्थायिक असलेल्या तीन बायकांना नवऱ्यांना आणता येत नव्हतं, पुरुषांना बायका आणता येत होत्या. त्या स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे असा निकाल मिळवला. त्यावर सरकारने बायकांचा नियम सैल केला नाही, पुरुषांचाही तितकाच आवळला. आज मी पगाराच्या चिठ्ठ्या लावते आणि माझ्या शरीराला कुणी हात लावत नाही, हे आपोआप झालेलं नाही. कुणीतरी ओरडलं, कुणीतरी खटले लढलं.

अर्जाची फी वेगळी आणि आरोग्य सेवेचा अधिभार वेगळा: वर्षाला १,०३५ पौंड, अडीच वर्षांचे मिळून २,५८७ पौंड ५० पेन्स, एकरकमी, अर्ज करतानाच. आमच्या लग्नाचा सगळा खर्च यापेक्षा थोडाच जास्त होता. माझी पदवी इथली असल्याने इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली नाही. बोटांचे ठसे आणि फोटो देऊन आलो. मग वाट बघणं.

जुना व्हिसा संपायच्या आत अर्ज पोचला असेल, तर निर्णय येईपर्यंत जुन्याच अटींवर तुम्ही कायदेशीर राहता, नोकरीही चालू राहते. पण देश सोडायचा नाही. पासपोर्ट आपल्या कपाटात असतो, कुणी काढून घेत नाही. तरी तो घेऊन भारतात गेलात, तर अर्ज तुम्ही मागे घेतला असं धरतात. इथूनच अर्ज करणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा. घरी कोणाचं वय किती, कोणाची तब्येत कशी, कोणाचं लग्न ठरतंय. अर्ज कधी घालायचा ते याच्याशी बसून जुळवावं, कारण व्हिसाची शेवटची तारीख आपल्यासाठी थांबत नाही, आणि आजारही थांबत नाही.

त्या काळात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. गोव्याला बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं होतं. मी विमानाची तिकिटं उघडून बसले होते. आईने फोन केला आणि पहिलंच वाक्य, “तू येव नको गो. तुझे कागद अडाकतले. मी आसंय हंय.” मग नवरा म्हणाला, “तुला जायचं असलं तर जा, पैसे पुन्हा साठवू.” त्याने ते मनापासून म्हटलं होतं, आणि पुन्हा साठवायचे म्हणजे कुठल्या रविवारी ते मला माहीत होतं. मी गेले नाही. बाबा बरे झाले. नसते झाले तर, हा विचार मी अजून पूर्ण करू शकत नाही. कुठल्याही देशाने माणसाला या कात्रीत धरू नये. अर्ज तपासायला जितका वेळ लागतो तितका लागू दे, पण आजारी आईबापाला भेटून परत येण्याची मुभा त्यात असायला काय हरकत आहे?

बांबोळीला असतानाच एका फॉर्मवर आईला ‘रुग्णाशी नातं’ लिहायचं होतं. तिने पत्नी लिहिलं, कुणी दाखला मागितला नाही. पण तिच्या मनात ते राहिलं. बाबा घरी आल्यावर त्या दोघांनी गावात चौकशी केली. गावात लग्ननोंदणी ग्रामसेवकाकडे होते. पत्रिका, लग्नातला फोटो, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही. भटजी हयात होते, नव्वदीला टेकलेले. त्यांना गाडीत घालून आणलं.

माझा होकार ईमेलवर आला. आता व्हिसाचं कार्डही मिळत नाही, सगळं ऑनलाइन खात्यात, आणि कुणाला दाखवायचं तर शेअर कोड द्यायचा. आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, “मगे कागद खंय आसा?” नाही म्हटल्यावर तिला ते पटलं नाही. म्हणाली, तू ते छापून घे आणि एक प्रत मला पाठव.

अडीच वर्षांनी पुन्हा हीच फाइल, पाच वर्षांनी कायम राहण्याचा अर्ज. म्हणून पत्रं मी अजून ठेवते, महिन्याला एक, दोघांच्या नावाचं, तारीख वर दिसेल अशी. हे व्हिसासाठी सुरू झालं, पण आता नुसतं तेवढ्यासाठी राहिलेलं नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी नव्वदच्या दशकात लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावंच्या गावं बायकांची नावं सातबाऱ्यावर लावायला पुढे आली होती. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आता आईचं नाव येतं. आमच्या घरात यातलं काही पोचलं नव्हतं. लग्नाचा दाखला मिळाल्यावर आई ग्रामपंचायतीत पुन्हा गेली, घराच्या नमुना आठच्या उताऱ्यावर बाबांच्या नावासोबत तिचं नाव लावायचा अर्ज घेऊन. बाबांनी सही केली. पुढच्या मासिक सभेत तो विषय आहे, आणि आईने मला विचारून घेतलंय की अर्जाची पोच कुठल्या फाइलमध्ये लावायची.